मागच्या डिफरन्शियलला लॉक बसवू का? आधी चाकाखालचे खड्डे बघा

या वेळचं पत्र निफाड तालुक्यातून आलंय. थोडं कापून देतोय, मजकूर त्यांचाच.

"नमस्कार, आमची शेती आहे, खरिपात टोमॅटो असतो. एक सेकंड हँड पिकअप घेतलीय, मागच्या चाकांवर चालणारी, फोर बाय फोर नाही. डांबरी सोडली की वावरापर्यंत किलोमीटरभर कच्चा रस्ता, त्यातला बराचसा पालखेड कालव्याच्या चारीच्या कडेनं, सगळी काळी माती. पाऊस झाला की गाडी रुतते म्हणजे रुततेच. आणि रिकामे कॅरेट घेऊन जाताना जास्त रुतते, भरून येताना कधी कधी निघून येते, हे काय गणित आहे कळत नाही. शिवाय ओढ्याच्या फरशीवरून वर चढताना एक चाक नुसतं गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. धाकटा भाऊ अमेरिकेत मिशिगनला असतो, तो म्हणतो मागे लॉकर (डिफरन्शियलचा लॉक) नसेल तर ती पिकअपच नाही, तिकडे सगळे बघूनच घेतात. इथला गॅरेजवाला म्हणतो लॉकर कशाला, डिफरन्शियलमधले गिअरच वेल्ड करून देतो, स्वस्तात काम. ट्रॅक्टरलाही लॉक असतोच ना. तर काय करू? वेल्ड करू, लॉकर बसवू का गाडीच बदलू? रोज पिंपळगावच्या मार्केटला जावं लागतं आणि आठवड्यातून एखादी खेप वाशीला."

दादा, वेल्डिंगचं आधी सांगून टाकतो म्हणजे हे वाचेपर्यंत गाडी रॅम्पवर चढलेली नसेल. करू नका. का ते पुढे येईलच. राहिला लॉकर, तर तो वाईट नाहीये, पण तुम्ही दोन वेगळ्या ठिकाणी अडकताय आणि दोन्हीला एकच औषध शोधताय. फरशीच्या चढावरचा प्रॉब्लेम लॉकरचा आहे, चारीच्या रस्त्यावरचा अजिबात नाही. आणि तुमचं पत्र वाचून असं वाटतंय की खरा वैताग चारीच्या रस्त्याचाच आहे.

आता हे असं का, ते थोडं आत शिरून बघू. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचं अंतर जायचं असतं आतल्याला जवळचं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या स्पीडनं फिरू देणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल, हे तुम्हाला माहीत असणार. पण तिची एक खोड आहे, ती जोर दोन्हीकडे सारखाच देते. म्हणजे एका चाकाला पकड नसेल तर त्याला जितका कमी जोर लागतोय तितकाच दुसऱ्यालाही मिळतो, जास्त नाही. बैलजोडीचं जू जसं मधे एका जागी बांधलेलं असतं, एक बैल बसला की दुसऱ्यानं कितीही ओढलं तरी जू नुसतं तिरकं होतं आणि औत जागेवर, तसंच. लॉकर काय करतो तर दोन्ही एक्सल एकमेकांना जखडून टाकतो, मग ज्या चाकाखाली पकड आहे ते त्याच्या पकडीपुरता पूर्ण जोर लावू शकतं, दुसरं चाक हवेत असलं तरी.

बरोबर वाचलंत ना, त्याच्या पकडीपुरता. लॉकर पकड तयार करत नाही. जिथे आहे तिथली वापरू देतो, बास.

थोडे आकडे मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे हवे असतील तर वजनकाट्यावर फक्त मागची चाकं चढवून पावती घ्या. धरून चाला रिकामी गाडी १७०० किलो, त्यातले १००० पुढच्या चाकांवर (इंजिन, केबिन, तुम्ही सगळे पुढेच) आणि मागे फक्त ७००, म्हणजे एकेका चाकावर ३५०. ओल्या काळ्या मातीत झिजलेल्या टायरची पकड वजनाच्या पाचवा हिस्सा धरू. एक चाक ७० किलोचा ढकल देईल, दोन मिळून १४०. आणि चिखलातून नुसतं सपाटीला पुढं सरकायला गाडीच्या वजनाच्या दहावा हिस्सा तरी लागतो, म्हणजे १७०. लागतात १७० आणि मिळतात १४०. रुतली.

आता भरून या. ६० कॅरेट, वीस किलोचं एक, म्हणजे १२०० किलो, गाडी झाली २९००. यातलं बहुतेक सगळं वजन मागच्या एक्सलवर येतं, मागे झाले साधारण १८००. त्याचा पाचवा हिस्सा ३६०, आणि लागतात २९०. निघाली! तुम्हाला न सुटलेलं गणित हे आहे. अर्थात वजनानं गाडी जास्त खोल दबते, दबली की लागणारा जोरही वाढतो, म्हणून तुम्ही "कधी कधी" लिहिलंय ते बरोबरच लिहिलंय.

आता याच आकड्यात लॉकर टाका. रिकामी गाडी, दोन्ही चाकं चिखलात, लॉकर लावला, सत्तर आणि सत्तर किती झाले? १४०च. एक किलो वाढला नाही. दोन्ही चाकांची पकड सारखीच खराब असेल तर लॉकर लावलाय का नाही लावलाय काही फरक पडत नाही, फक्त आता एकाऐवजी दोन खड्डे पडतात.

फरशीवर मात्र चित्र वेगळं होतं. भरलेली गाडी, एक चाक चिखलात आणि दुसरं टणक मुरमावर. चिखलातलं १८० देईल, मुरमावरचं ५४० द्यायला तयार आहे, पण साध्या डिफरन्शियलमुळे तेही १८० वरच थांबतं, एकूण ३६०. लॉकर असता तर ७२०. डबल. आणि फरशीच्या कडेला गाडी तिरकी होऊन एक चाक जवळजवळ हवेत लटकत असेल तर साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही मिळून शून्याच्या आसपास, लॉकरवाली आरामात चढून जाते. तेव्हा लॉकर काही फुकाचा नाही, त्याचं काम असेल तिथे तो जादूच करतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की पुढच्या वेळी गाडी रुतली आणि ट्रॅक्टरनं बाहेर काढली की लगेच निघून जाऊ नका, मागं वळून ते दोन खड्डे बघा. दोन्ही सारखे खोल असतील, कडा गुळगुळीत घासलेल्या, तर तिथं लॉकरनं काही झालं नसतं. एक खड्डा हातभर आणि दुसऱ्या बाजूला टायरची नक्षी जशीच्या तशी मातीत उमटलेली दिसली, म्हणजे ते चाक फिरलंच नाही, आणि त्याखालची जमीन टणक असली, तर तिथं लॉकरनं गाडी काढली असती. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, एका पावसाळ्यात तुमचं उत्तर तुम्हालाच मिळेल आणि कुठल्याच गॅरेजवाल्याला विचारावं लागणार नाही (मलाही नाही).

आता चारी. तुमच्या पत्रात ही गोष्ट अशीच जाता जाता आलीय पण मला तीच सगळ्यात जास्त खटकली. चारीच्या कडेचे रस्ते बहुतेक एका अंगाला उतरते असतात, पाणी नाहीतर वावर, कुठल्यातरी बाजूला गाडी कललेली असते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरायला लागलं तरी दुसरं जागेवर उभं असतं, आणि न फिरणारं चाक गाडीला आडवं सरकू देत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे जो कुणी सांगत नाही. टायर एकदा गरगरायला लागला की त्याची आडवी पकडही जवळजवळ जाते. लॉकरमध्ये सुटली तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग उताराकडे घसरायला लागतो, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबताय पुढं जायला आणि गाडी चाललीय आडवी चारीत. म्हणजे त्या रस्त्यावर लॉकर नुसता बिनकामाचा नाही, चुकीच्या वेळी लावलात तर गाडी पाण्यात घालेल.

वेल्डिंगला नाही म्हटलं त्याचं कारणही यातच आहे. वेल्ड केलेलं डिफरन्शियल म्हणजे चोवीस तास लावलेला लॉकर, काढायची सोयच नाही. कच्च्या रस्त्यावर माती सैल असते म्हणून चाकाला थोडं घसरून जुळवून घेता येतं, डांबरीवर ते जमत नाही. मार्केटच्या गेटातून वळवताना टायर कुरकुर करत घासत जाणार, स्टिअरिंग जड लागणार कारण मागची दोन्ही चाकं गाडीला सरळच ढकलत असतात, टायर लवकर संपणार आणि कधीतरी लोडमध्ये एक्सल तुटणार. ते एकवेळ पैशांचं नुकसान म्हणू. पण तुम्ही वाशीला जाता. भरल्या गाडीनं, रात्रीचं, पावसात कसारा घाट उतरायचा, ओल्या वळणावर मागची दोन चाकं एकाच स्पीडनं फिरायचा हट्ट धरून बसलेली, नको हो. वेल्ड नंतर काढता येईल का म्हणाल तर नाही, आतले गिअर आणि ते ज्यात बसतात ती पेटी बदलावी लागते आणि मग क्राऊन पिनियनची (इंजिनचा जोर एक्सलकडे वळवणारी गिअरची जोडी) सेटिंग परत करा, ती जमली नाही तर हाउसिंग कायमचं रडत राहतं. वेल्डिंगचा तुकडा आत सुटला तर काय होईल ते वेगळंच.

ट्रॅक्टरला असतो मग पिकअपला का नको, हा तुमचा मुद्दा चांगला आहे. नांगरताना ट्रॅक्टरचं एक चाक तासात असतं आणि दुसरं वरच्या न नांगरलेल्या जमिनीवर, दोन्हीकडची पकड कायम वेगळी, म्हणजे लॉक लागण्यासाठी याहून योग्य जागा नाही. शिवाय वजन बहुतेक मागच्या चाकांवर, टायरला हे एवढाले लग, स्पीड बैलगाडीचा, आणि लॉकचा पेडल पायाखाली. दाबला, सरळ निघाला, सोडला. वळताना लॉक लावून ठेवलेला ट्रॅक्टर कसा वळायला नाही म्हणतो हे तुम्ही स्वतः अनुभवलं असेलच, आता तेच रोज हायवेला साठच्या स्पीडनं करायचं का?

भावाचं काय मग, तो खोटं बोलतोय का. नाही, तो त्याच्या जागी बरोबर आहे, पण तिकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत पिकअप ही बऱ्याच घरांची रोजची गाडी असते आणि मागचा लॉकर कंपनीतूनच ऑप्शन म्हणून मिळतो. जनरल मोटर्सच्या पिकअपना जी-एटी (G80) म्हणून कोड असलेला इटन कंपनीचा लॉकर कित्येक वर्षं मिळतोय, तो मेकॅनिकल, बटण वगैरे काही नाही, दोन चाकांच्या फिरण्यात मिनिटाला शंभरेक फेऱ्यांचा फरक पडला की आपोआप लागतो, आणि ताशी तीसेक किलोमीटरच्या वर गाडी असली तर लागतच नाही. फोर्ड आणि टोयोटाचे बटणवाले असतात, लागेल तेव्हा दाबायचं. मिशिगनमध्ये बर्फ पडतं, घरासमोरून गाडी काढताना एक चाक बर्फावर आणि एक कोरड्या सिमेंटवर, किंवा बोट तळ्यात उतरवायच्या उतारावर एक चाक शेवाळ्यावर, अशा ठिकाणी लॉकर लाखमोलाचा. म्हणजे तिथंही मुद्दा तोच, एक चाक चांगलं आणि एक वाईट. अख्खा रस्ता गुळगुळीत बर्फाचा झाला की तेच लोक लॉकरवर विसंबत नाहीत, बर्फाचे टायर चढवतात आणि मागे वाळूच्या गोण्या टाकतात. भावाला विचारा, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की टाकत असेल.

गोण्यांवरून आठवलं, आता तुमच्या चारीच्या रस्त्याचं खरं औषध बघू.

सगळ्यात आधी टायर. तुम्ही टायरबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि जो माणूस टायरबद्दल लिहीत नाही त्याचे टायर मागे सपाट झालेले असतात असा माझा अंदाज, चुकत असेन तर सोडून द्या. काळ्या मातीचं कसं आहे, ती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते, टायरच्या नक्षीत जाऊन बसते, दोन फेऱ्यांत टायर मातीचा गोळा होतो आणि मग मातीवर माती घसरते. हायवेची बारीक रेघांची नक्षी असेल तर ती लगेच भरते. मागे मोठ्या, एकमेकांपासून लांब लांब असलेल्या ठोकळ्यांची नक्षी घ्या, दुकानदाराला लग पॅटर्न म्हणा, तो दाखवेल. पकड पाचव्या हिश्शावरून समजा तीस टक्क्यांवर गेली तर वरच्या हिशेबात रिकामी गाडी १४० च्या जागी २१० देते आणि लागतात १७०, म्हणजे जे काम लॉकर करू शकत नव्हता ते दोन टायरनी केलं. हायवेला थोडा आवाज येईल, सोसा. आणि रिमोल्ड केलेले (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) टायर टाकणार असाल तर वाशीच्या खेपेचा विचार करून टाका.

मग हवा. भरलेल्या गाडीसाठी ठेवलेली हवा तशीच ठेवून आपण रिकामी गाडी चिखलात घालतो, टायर दगडासारखा कडक, जमिनीला अगदी थोडासा टेकलेला, मग तो कापत खाली जाणारच. रिकामी असताना, आणि फक्त रिकामी असताना, डांबरी सोडायच्या आधी मागची हवा तीसेक पौंडापर्यंत उतरवा, टायर पसरतो, जास्त जागेवर टेकतो. पण वावरात लोड भरायच्या आधी हवा परत भरायची म्हणजे भरायची, कमी हवेवर बाराशे किलो घातले तर टायरची बाजूची भिंत चिरते आणि हायवेला फुटला तर काय होतं सांगायला नको. बॅटरीवर चालणारा पंप मिळतो, पिकअपच्या टायरला झेपेल असा बघून घ्या, कारसाठीचा खेळण्यातला नको, तो गरम होऊन बंद पडतो. हे सगळं रोज करायचा कंटाळा येईल हे मला माहितीये. येऊ दे, जोराचा पाऊस झाला त्या दिवशी तरी करा.

वजन हा स्वस्तातला उपाय. जाताना मागच्या एक्सलच्या बरोब्बर वर चारशे किलो टाकले, वाळूच्या गोण्या म्हणा किंवा फवारणीसाठी तसंही पाणी न्यायचं असेल तर दोनशे लिटरचे दोन ड्रम, तर मागे ७०० चे ११०० होतात, ढकल २२० आणि लागतात २१०. काठावर पास, पण पास. नवीन टायर असले तर डिस्टिंक्शन. ड्रम नीट आवळून बांधा आणि तोंडापर्यंत भरा, अर्धा ड्रम वळणावर डचमळतो. गोण्या एकदम मागच्या फाळक्याला टेकवून ठेवू नका, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकणार नाही.

फरशीच्या चढासाठी एक जुनी युक्ती आहे, पुष्कळ ड्रायव्हरांना ठाऊक असते. एक चाक फिरतंय एक ढिम्म, अशा वेळी हँडब्रेक निम्मा ओढा, बटण दाबूनच धरा म्हणजे लगेच सोडता येईल, पहिला गिअर, आणि हळूहळू रेस. तुमच्या गाडीचा हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांवर लागत असला पाहिजे, आणि केबल दोन्हीकडे सारखी ताणलेली. होतं काय की फिरणाऱ्या चाकाला ब्रेकचा अडथळा आला की त्याला फिरवायला जास्त जोर लागतो, आणि डिफरन्शियल सारखंच वाटत असल्यामुळे तितकाच जोर ढिम्म चाकालाही मिळतो. त्यातला थोडा ब्रेकमध्ये जातो पण बऱ्याचदा उरलेल्यात गाडी हलते. हल्लीच्या बऱ्याच नव्या गाड्यांत हेच काम कॉम्प्युटर करतो, फिरणाऱ्या एकाच चाकाचा ब्रेक पकडून, त्यामुळे तो तुमच्यापेक्षा चांगलं करतो. हलली की लगेच सोडा नाहीतर ड्रम तापतील. आणि फरशीवर तिरकं चढू नका, दोन्ही मागची चाकं एकदम चढतील असं सरळ लावा. ज्या खळग्यात ते एक चाक लटकतं तो खळगा डबर टाकून भरून घ्या, एका दुपारचं काम आहे, लॉकरच्या खर्चाच्या पासंगालाही लागणार नाही.

एक करू नका, रागानं रेस देणं. एक चाक थांबलेलं असताना स्पीडोमीटरवर तीस दिसत असेल तर फिरणारं चाक प्रत्यक्षात साठच्या हिशेबानं फिरतंय. आतले छोटे गिअर इतक्या फिरण्यासाठी बनवलेलेच नसतात, तापतात, चिकटतात, आणि मधेच टायरला एखादा दगड सापडून पकड आली की सगळा झटका एक्सलवर. एवढं करून खड्डा खोल होतो ते वेगळं. चाक फिरायला लागलं की सोडा, रिव्हर्स घ्या, स्वतःच्याच चाकोरीतून दोन गाड्यांच्या लांबीएवढं मागे या आणि परत एका दमात या.

आता गाडी बदलायचं. बदलणारच असाल तर लॉकर नको बघू, आधी फोर बाय फोर बघा. परत तोच हिशेब, रिकाम्या गाडीचे १००० किलो पुढच्या चाकांवर बसलेत आणि तुमच्या गाडीत ती चाकं नुसती ओढली जातात. फोर बाय फोरमध्ये सगळ्या १७०० किलोची पकड कामाला लागते, त्याच झिजक्या टायरवर ३४० मिळतात, लागतात १७०. लॉकर कुठेच नाही आणि गाडी चालली. महिंद्राच्या बोलेरो पिकअप आणि कँपरमध्ये फोर बाय फोर आलेल्या आहेत, जुन्या बाजारात शोधल्या तर सापडतात, घेताना पुढचा शाफ्ट जागेवर आहे का आणि फोर व्हील खरंच लागतो का ते कच्च्यावर चालवून बघा, वर्षानुवर्षं न वापरल्यानं जाम झालेले असतात. कंपनीचाच बटणवाला लॉकर हवा तर टोयोटा हायलक्समध्ये आहे, २०२२ पासून आपल्याकडे मिळते, पण ती हौसेची गाडी आहे, तिची किंमत बघून टोमॅटोचा भाव आठवला की तुम्ही स्वतःच शोरूमबाहेर पडाल.

बाहेरून लॉकर बसवून घेणं कुणासाठी मग. डोंगरकपारीत, खाणीवर, जंगलात काम असणाऱ्यांसाठी, जिथं चाक उचललं जाणं रोजचंच आहे. तुमच्या फोटोंमध्ये एकाच चाकाचे खड्डे जास्त निघाले तर तुम्हीही विचार करा, पण मग चालू-बंद करता येणाराच घ्या, तुमच्याच मॉडेलच्या एक्सलचा आहे ना ते आधी विचारा, आणि क्राऊन पिनियनची सेटिंग डायल गेज लावून करणारा माणूस शोधा, हातानं हलवून "बरोबर आहे" म्हणणारा नको. लिमिटेड स्लिप म्हणून अजून एक प्रकार असतो, अर्धवट लॉक म्हणा, त्याच्या काही प्रकारांत क्लचच्या चकत्या असतात, त्या झिजतात आणि ऑइलही वेगळं लागतं. तुमच्या वापराला तो मी सुचवणार नाही.

राहता राहिला रस्ता. किलोमीटरभर रस्त्यावर तुम्ही एकटे नसणार, अजून पाचपन्नास शेतकऱ्यांच्या गाड्या रुतत असतील. राज्य सरकारची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली, रोजगार हमीच्या निधीतून असे रस्ते करायचे म्हणून. ग्रामपंचायतीत ठराव झाला का, तुमचा रस्ता गावाच्या यादीत आहे का विचारा, आणि जागा चारीची असेल तर पाटबंधारेवाल्यांना विचारल्याशिवाय एक ट्रॉली टाकू नका. वेळ लागेल, कागदं फिरतील, हे मी गोड करून सांगत नाही. तोवर आपसात वर्गणी काढणार असाल तर काळ्या मातीवर थेट मुरूम ओतू नका, पहिल्याच पावसात माती तो गिळते. जे दोनतीन टप्पे नेहमी घात करतात तेवढेच घ्या, वरची सैल माती काढा, खाली मोठं डबर दाबा, त्यावर मुरूम, आणि वावराच्या अंगाला पाणी निघून जायला चर. चर नसेल तर डबरही दोन वर्षांत बुडतं.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा, आधी मागचे दोन टायर, मग पंप, मग वर्गणीत वाटा, आणि हे सगळं करून एक पावसाळा गेल्यावरही फोटोत एकाच चाकाचे खड्डे दिसत राहिले तर लॉकरची चौकशी.

आणि तोपर्यंत ट्रॅक्टर लागणारच आहे तर एवढं करा, दोरखंड बंपरला बांधणं बंद करा, चॅसिसला हुक आहे का बघा, नसेल तर चांगल्या फॅब्रिकेटरकडून चॅसिसला बोल्टनं बसवून घ्या. ट्रॅक्टरच्या बाजूनं तो ड्रॉबारलाच (मागं खाली असलेल्या ओढायच्या दांड्याला) बांधायचा, वर थ्री पॉइंटच्या टॉप लिंकला बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो. दोर ताणलेला असताना मधे कुणी उभं राहायचं नाही, पोरं तर नाहीच, आणि चाकाखाली दगड टाकणाऱ्यानं दगड टाकून बाजूला व्हायचं, मग रेस द्यायची, तो मागे उभा असताना नाही. फिरत्या चाकाखालचा दगड गोफणीसारखा सुटतो.